उरलेली खिचडी

कुठे खिचडी तळाला लागल्याचा वास आला की मला तेलुगू मुलखातली, नेरडीगोंड्याकडची ती मराठी शाळा आठवते. नव्वद सालच्या आसपास, शाळा सुटल्यावर मुलांना सरकारी खिचडी खाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेकांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढंच.

एकदा हैदराबादेहून साहेब पाहणीला आले. हार झाले, भाषण झालं आणि ते संपेपर्यंत चुलीवरची खिचडी करपली. शेवटी पंगत बसली. मुलांनी दोन घास घेतले असतील, तोच साहेबांनी मायेनं वाकून तेलुगूत विचारलं, "चाला?" म्हणजे, पुरे का? आमची मुलं सगळी मराठी. त्यांच्या बोलीत 'चाला' म्हणजे निघा. अख्खी पंगत ताटं तशीच टाकून उठली.

"बसा ना रे, उठले काऊन?" स्वयंपाकीण कलाबाई म्हणाली.

"सायेबच चाला म्हनून राह्यले ना, मावशी," एक मुलगी बोटं चाटत म्हणाली. नजर ताटावर होती.

मी साहेबांना शब्दाचा घोटाळा सांगितला. ते मनापासून हसले. मग भरल्या ताटांकडे पाहून म्हणाले, "लेकिन थाली झूठ नहीं बोलती, मास्टर. खाना बच रहा है."

माणूस दुष्ट नव्हता, हेच आता जास्त भयंकर वाटतं.

पुढच्या महिन्यापासून तांदूळ निम्मा आला. कलाबाई खिचडीत पाणी वाढवू लागली. मुलं ती पिऊन ताटं चाटूनपुसून लख्ख करत. नंतरच्या पाहणीत स्वच्छतेबद्दल आमच्या शाळेची तारीफ झाली.