उस्मान मिस्त्रींचं नाक

ट्रॅक्टरजवळ यायचं असेल तर प्रत्येकाला आधी उस्मान मिस्त्रींना खिसे दाखवावे लागत. विडी, काडेपेटी, जे असेल ते बांधावर ठेवायचं आणि मगच पुढे यायचं. एकदा ट्रॅक्टरचे मालक तात्यासाहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांच्या तोंडात सिगारेट होती. मिस्त्री दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. "मालक, माफी करा. पन एक तर ती सिग्रेट बाहेर जाईल, नायतर मी जातो." पाहुण्यांनी मुकाट्यानं सिगारेट टाकली. मिस्त्रींनी ती चपलेनं विझवली, वर माती लोटली, आणि परत येतानाही दोनदा मागं वळून पाहिलं.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट असेल. तो ट्रॅक्टर तेव्हाच म्हातारा होता. तात्यासाहेबांनी तो कुणाकडून तरी जुना घेतला, नाशिक रोडला मालगाडीतून उतरवला आणि एकलहऱ्याच्या मळ्यावर आणला. लोखंडी चाकं, पुढं हँडल. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर घ्यायचा. चालवायला मी. माझं वय बावीस, आधी दोन वर्षं लॉरी चालवलेली. दुरुस्तीला उस्मान मिस्त्री. त्यांचं घराणं नाशकातल्या कलईवाल्यांचं, पण ते तरुणपणीच मोटारींच्या कामाकडे वळले होते. मी त्यांना चाचा म्हणत असे.

टाकीतून इंजिनाकडे तेल नेणारी तांब्याची बारीक नळी हे त्या ट्रॅक्टरचं कायमचं दुखणं होतं. इंजिन हादरलं की नळी हादरे आणि सांध्यापाशी चीर पडे. खालीच धुराड्याचा तापलेला पाइप. चाचा सांध्यांवर खडूची पूड लावून ठेवत. पूड ओली दिसली की तेल झिरपतंय हे कळे. पण त्यांचा खरा भरवसा नाकावर. "थेंब डोळ्याला दिसतो तवा उशीर झालेला असतो, गोविंदा. वास आला की सांगायचं. आला असं नुसतं वाटलं तरी सांगायचं."

आणि सांगितलं की अर्धा दिवस गेलाच. चाचा नळी उतरवत, लाल होईपर्यंत तापवून मऊ करत, चीर पितळेनं भरत, पुन्हा बसवत. मग इंजिन सुरू करून सांध्याशी नाक लावून बसत. "झालं का, चाचा?" विचारलं तर ते कधीच हो म्हणत नसत. "बघू," म्हणत. मळ्यावरचे गडी हसत. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा कंटाळा येई.

त्या वैशाखात तात्यासाहेबांनी विहीर खोल करायला घेतली होती. विहिरीत पाण्याचा झरा लागला होता, म्हणून ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर पंप चालवून दिवसभर पाणी उपसायचं आणि खाली माणसांनी खोदायचं, असं काम चाललं होतं. एका सकाळी इंजिन सुरू केलं आणि मला वास आला. चाचा वायसर आणायला नाशकात गेले होते. आता थांबवलं तर दिवस फुकट जाणार आणि तात्यासाहेब बोलणार. काल सांडलेलं रॉकेल असेल, असं मी मनाशी म्हटलं. फडक्यानं सांधा पुसून कोरडा केला. खडूची पूडही पुसली गेली. दुपारी चाचा आले आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, "वास?"

"नाही, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली नव्हती तोवर विहिरीतून आरडाओरडा झाला. कडेचा एक दगड घसरून पुंजाबाच्या पायावर बसला होता. पुंजाबा कळवणकडचा, विहिरी खोदणारा. पाय मांडीपर्यंत अडकलेला. पंप चालू होता म्हणून पाणी त्याच्या कमरेशी थांबलं होतं. बाकीचे दोघे पहार घालून दगड हलवू लागले, आणि नेमकं तेव्हाच इंजिन अडखळलं.

मी नळीकडे पाहिलं. सांध्यातून तेलाची धार लागली होती आणि थेंब धुराड्याच्या पाइपवर पडून चर्र करून धूर निघत होता. माझा हात बंद करायच्या खटक्याकडे गेला. चाचांनी तो धरला.

"बंद नको करू! तापलेलं इंजिन परत लवकर सुरू होईल का? सांग, होईल?"

मी हात मागे घेतला.

"मग पत्रा आन. डबा फाड. आन साबन!"

मी रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा नळीखाली तिरका धरला. थेंब बाजूला मातीत पडू लागले. बाकी सगळ्यांना चाचांनी लांब पिटाळलं. मग कपडे धुवायच्या साबणाचा गोळा मळून त्यांनी चिरेवर दाबला आणि वरून धोतराची चिंधी गुंडाळली. धार थांबली. पण इंजिनाच्या हादऱ्यानं साबण सरके. म्हणून चाचांनी नळी मुठीत धरली, आणि धरूनच ठेवली. मूठ त्या तापलेल्या पाइपपासून चार बोटांवर होती.

"चाचा, मी धरतो."

"पत्रा सोडू नको." त्यांचे ओठ हलत होते. दुवा म्हणत असावेत. मी एकदा पत्र्याकडे, एकदा डोक्यावरच्या भरलेल्या टाकीकडे बघत होतो. खालून पुंजाबाचा आवाज येई, "पानी वाढतंय का रं? सांगा ना, वाढतंय का?"

पाऊण तास गेला असेल. पुंजाबाला दोरानं वर घेतलं, तेव्हा चाचांना मूठ उघडता येईना. मी एकेक बोट सोडवलं. तळहाताची कातडी चिंधीला चिकटून आली.

तात्यासाहेब धावत आले. पुंजाबाला बैलगाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. मग त्यांनी विचारलं, "मिस्त्री, नळी फुटली कशी?"

"जुनी हाय, मालक," चाचा म्हणाले.

सगळे पांगल्यावर मी त्यांच्या हाताला लोणी लावत होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सकाळी वास आला होता ना?"

मी मान खाली घातली. आता ते ओरडतील, मारतील, काय वाटेल ते करतील, असं वाटत होतं.

"रशीद म्हनून धाकटा भाऊ होता मला," ते म्हणाले. "आमी एका मोटारीवर काम करत होतो. वास मला आला. जेवनाची टाइम झाली होती. म्हटलं, जेवून बघू. मी हात धुवायला गेलो आन त्यानं बत्ती लावली." त्यांनी भाजलेला हात माझ्या हातातून काढून घेतला. "तुझा मानूस वर आला, गोविंदा. माझा नाय आला. येवढाच फरक हाय आपल्यात."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी तात्यासाहेबांकडे गेलो आणि वास आल्याचं, सांधा पुसल्याचं, खोटं बोलल्याचं सगळं सांगितलं. ते लालबुंद झाले. "चालता हो. मला दुसरा ड्रायव्हर मिळेल."

चाचा हाताला फडकं बांधून दारात उभे होते. "दुसरा नका आनू, मालक. हा आता सांगंल. दुसऱ्याचं मला काय म्हाईत?"

मी राहिलो. पुढं चार हंगाम आम्ही बरोबर काम केलं. चाचांचा उजवा हात पुरता मिटत नसे, त्यामुळे बारीक पाने मी फिरवायचो आणि ते सांगायचे. मग त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि एका हिवाळ्यात ते नाशकात आपल्या घरी वारले.

जनाज्याला मी पोचलो तेव्हा पुंजाबा आधीच आला होता. कळवणला त्याला कुणी निरोप दिला, मला माहीत नाही. पाय ओढत तो पुढं झाला आणि त्यानं खांदा दिला. वाटेत लोक त्याच्या खांद्याला हात लावून "आता आम्ही घेतो" म्हणत होते. तो नुसती मान हलवत होता. कबरस्तान येईपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.