रिकामा रकाना

बारा वर्षं मी अकोल्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो. काम कुठवर आलं ते विचारायचं आणि उशीर दिसला की सगळ्यांसमोर झापायचं, एवढंच मला येत होतं. मग पावसाळ्यात कंपनीनं मला त्याच टीमचा अजाइल कोच केलं. म्हणजे आता हुकूम सोडायचे नाहीत, टीमला आपलं काम आपणच ठरवू द्यायचं.

मी भिंतीवर फळा लावला. त्यात 'अडचणी' असा एक रकाना आखला; ज्याचं काही अडेल त्यानं तिथं चिठ्ठी लावायची. रोज सकाळी सगळे फळ्यासमोर उभे राहायचे आणि माझ्याकडे बघत सांगायचे, "होऊन राहिलं, सर." तीन आठवडे त्या रकान्यात एकही चिठ्ठी लागली नाही.

आमचं घर वलगावचं, भाजीवाल्यांचं. टोमॅटोचं क्रेट भरताना बाबा वरचा थर निवडून लावायचे. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारं क्रेट मी आजही तळाशी हात घातल्याशिवाय घेत नाही. तो कोरा रकाना बघून मला तेच क्रेट आठवायचं.

गिऱ्हाइकाकडे आमची नवी सिस्टिम सुरू व्हायला चार दिवस उरले, तेव्हा मी टेस्टिंग करणाऱ्या मुलीला विचारलं, "खरंच काही अडलं नाही?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, तुमी जरा चहा पिऊन या."

परत आलो तर रकाना भरून चिठ्ठ्या खाली भिंतीवर उतरल्या होत्या. कुणी मान वर केली नाही. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये येतच नाही. हे उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तवा तुमी मले चूप बसवलं."