आप्पांनी पारखलेली मशीन

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भावाला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातच, तोंडातला पेढा संपायच्या आत, मी जाहीर करून टाकलं, "बारशाची कुंची मी शिवणार. विकतची नाही, माझ्या हातची!"

कुंची म्हणजे बाळाचं टोपडं, पाठीवर झालर सोडलेलं. आमच्यात ती आत्यानं आणायची असते. आणायची असते, शिवायची असते असं कुणीच म्हटलं नव्हतं. मला शिवता येत नव्हतं आणि घरात मशीनही नव्हती. बारसं बाराव्या दिवशी. त्यात समोर उभी होती वहिनीची आई, जिचं निम्मं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात गेलंय. माझ्याकडे बघून ती फक्त "बरं" म्हणाली. ते "बरं" मला असं झोंबलं की आता कुंची झाली नसती तर मी बारशाला तोंड दाखवलं नसतं.

घरी येऊन मोबाईलवर मशीन बघायला बसले. दोन दिवसांत माझं डोकं पार फिरलं. एक मशीन नक्षी काढत होती, एक काजं करत होती, एक तर मुठीत मावत होती आणि स्वयंपाक करता करता पडदे शिवते म्हणत होती. आमच्या ह्यांनी खांद्यावरून बघून विचारलं, "हिला पोळ्या येतात का?" मी मोबाईल उलटा ठेवला. भिशीचे पैसे आले होते, पण ते एका साध्या मशीनपुरतेच होते आणि माझं मन मात्र नक्षीवाल्या मशीनवर जडलं होतं.

अशात आप्पांचा फोन आला. माझे वडील होटगीकडच्या गावात राहतात, उभा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेलेला. "येकटी जाऊ नगंस," ते म्हणाले. "फसशील. म्या येतो."

मला हसू आलं आणि जरा रागही आला. कारण दहावीच्या सुट्टीत मी ह्याच आप्पांकडे मशीन मागितली होती. त्यांनी त्या पैशांच्या दोन शेळ्या आणल्या. वर मला समजावलं होतं, "मशीन चारा खात न्हाय, खरं हाय. पन ती पिलं बी देत न्हाय की." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी एक शेळी व्याली आणि मी करडाच्या मागे हुंदडायला लागले. राग मात्र नीट घडी घालून आत ठेवून दिला होता.

सहाव्या दिवशी आम्ही बापलेक शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात उभे होतो. तिथे जुन्या मशीन दुरुस्त करून विकतात. दुकानदार भला माणूस. मी नक्षीवालीकडे बोट दाखवताच त्यानं मान हलवली. "ताई, शिकताना एवढी कळा-बटणं कशाला? आधी सरळ टीप येऊ द्या. साधी काळी पायमशीन घ्या, पुढे वाटलं तर मोटर बसवता येते." आणि त्यानं एक चकचकीत काळी मशीन पुढे ओढली. सोनेरी वेलबुट्टी, चाकावर लाल पट्टा. मी तिथेच विरघळले.

आप्पांनी वाकून तिचा वास घेतला.

"ताजा रंग हाय," ते म्हणाले. "बाजाराच्या दिशी शेळीला पानी पाजून प्वाट फुगवत्यात, त्यातली गत." मग ते चक्क जमिनीवर बसले, मशीनखाली डोकं घालून पायडल हलवून बघितलं, चाक धरून हिसडलं, उठले आणि म्हणाले, "फिरवून दाखवा." दुकानदारानं मशीन चालवली. "तशी न्हवं. कापड घालून." मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं आणि त्याच वेळी पोटात हसू मावत नव्हतं.

एवढं करून आप्पा त्या मशीनकडे पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचं लक्ष दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात गेलं होतं. तिथे एक रंग उडालेली पायमशीन होती, तिच्यावर अर्धी शिवलेली उशीची खोळ तशीच पडली होती.

"ती केवढ्याची?"

"ती विकायची नाही हो काका. घरची आहे. आमची मंडळी शिवते तिच्यावर."

"म्हंजी तीच," आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. बाजारात मालक जी शेळी पुढे करत नाही, दावं हातात घट्ट धरून मागे उभी ठेवतो, तीच घ्यायची, हा त्यांचा जन्मभराचा कायदा. मशीनलाही तो लागू होतो, ह्याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती.

दुकानदार नाही म्हणाला. आप्पा हसले. त्यांनी खांद्यावरचा टावेल काढला, दुकानदाराचा उजवा हात धरला आणि दोघांच्या हातांवर टावेल टाकला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टावेलाखाली बोटं दाबून बोलतात, म्हणजे चार लोकांना कळत नाही. आप्पांनी काहीतरी दाबलं. त्या बिचाऱ्याला ह्यातलं काय ठाऊक? त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. "अहो काका, काय करताय! सोडा की!" करत तो नुसता वळवळत होता, शेजारचा बांगड्यांचा दुकानदार धावत आला, दोन गिऱ्हाइकं थांबली, मी काउंटरला धरून पोट दाबून हसत होते. शेवटी हात सोडवून घ्यायला दुकानदारानं आप्पांचा पंजा एकदम गच्च दाबला.

"पाच!" आप्पा ओरडले. "अख्खा पंजा दिला. पाच हजार. पटलं!"

"अहो, मी कुठे काय..."

"हात दिला की सौदा झाला, मालक."

गलका ऐकून आतून दुकानदाराची बायको आली. काय झालं ते कळल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि मग खोळ उचलून घेतली. "द्या की हो," ती नवऱ्याला म्हणाली. "मोटरची घेऊन द्या म्हणून किती दिवस मागं लागलेय मी. आता तरी आणाल." आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चाक नेहमी आपल्याकडं फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा गुंतला म्हणून समजा."

रिक्षात मशीनला दृष्ट लागू नये म्हणून आप्पांनी आपला टावेल तिच्या डोक्यावर टाकला. मशीन माझ्या घरी उतरवून, चहा पिऊन ते बस पकडायला गेले. टावेल मशीनवरच राहिला.

पुढचे पाच दिवस मी माणसात नव्हते. चाक उलटंच फिरायचं. दोऱ्याचं घरटं व्हायचं. दोन सुया मोडल्या. पहिली कुंची नारळाला बसली. दुसरी आमच्या ह्यांना बसली, ते ती घालून गॅलरीत उभे राहिले आणि समोरच्या बाईंना हात करून आले. अकराव्या दिवशी एकदाची बाळाच्या डोक्याएवढी कुंची उभी राहिली. लाल खणाची, हिरव्या काठाची. मी घरभर नाचले. मग लक्षात आलं, आत अस्तर नाही. खणाचा काठ बाळाच्या कानाला टोचणार. आणलेलं सगळं मऊ सुती कापड मी नारळावर आणि नवऱ्यावर उडवलं होतं.

घरात एकच कापड तितकं मऊ होतं. धुऊन धुऊन विरलेलं, निळ्या रेघांचं. आप्पांनी फोन करून विचारलंही होतं, "टावेल तुज्याकडं राह्यला का गं?" मी "बघते" म्हणाले होते. मी डोळे मिटून कात्री चालवली.

बारसं वहिनीच्या माहेरी होतं. पाळण्यापाशी मी कुंची पुढे केली आणि वहिनीच्या आईनं ती घेतली. खण बघितला नाही, काठ बघितला नाही. सरळ कुंची उलटी केली. शिवणाऱ्या बायका आतून बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निळ्या रेघा सगळ्यांना दिसल्या. दारात उभ्या असलेल्या आप्पांनाही. त्यांचा हात आपसूक रिकाम्या खांद्यावर गेला.

वहिनीच्या आईनं टिपेवरून नख फिरवलं, शिवण दोन्हीकडून ओढून बघितली. "वाकडी आहे," ती म्हणाली. "पण उसवायची नाही." आणि तिनं स्वतःच्या हातानं कुंची बाळाला घातली. मला वाटलं, मी आता छताला लागते!

आप्पा पुढे आले. मी पुटपुटले, "आप्पा, टावेल..."

"दिसला," ते म्हणाले. वाकून त्यांनी नातीच्या कानाजवळ कुंचीच्या आत बोट घातलं, टोचत तर नाही ना बघायला. बराच वेळ ते बोट तिथेच होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन पिलं देत न्हाय, आसं म्हनलं हुतं म्या तुला. चुकलं माझं."

त्यांच्या लक्षात होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते मला एकटीलाच आठवतं. समोरचा पाळणा दिसेना, म्हणून मी पदरानं डोळे पुसायला लागले. आणि नेमका तेव्हाच वहिनीच्या आईनं माझ्या पाठीत दणकून गुद्दा घातला, मागोमाग बाकीच्या बायकांनीही घातले. "अगं आत्याबाई, कुर्र कर की! नाव कोण ठेवणार?" मी नाक ओढलं, वाकले आणि त्या निळ्या रेघांच्या आत तोंड घालून बाळाच्या कानात कुर्र केलं.