शॉकअपमधलं खोबरेल

मला कुणी शांत म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. इस्राएलमधल्या बेर्शेब्याच्या ज्या कारखान्यात मी लेथवर काम करायचो, तिथला आमचा खातेप्रमुख चार वर्षं मला तेच म्हणत होता. इथे वरच्या माणसालाही नावाने हाक मारायची पद्धत आहे. मी तोंडाने नाव घ्यायचो आणि मनात साहेबच म्हणायचो. मला लेथ सोडून तपासणी खात्यात जायचं होतं. तिथे तयार माल मोजायचा, ठोकून बघायचा, चूक शोधायची आणि परत पाठवायचा. चुका मला लांबून दिसतात. दर वर्षी मी अर्ज द्यायचो आणि दर वर्षी साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. "तुम्ही होदी लोक फार छान, फार शांत," म्हणायचा. होदी म्हणजे हिंदुस्थानातले. तपासणीला भांडणारा माणूस लागतो, असं त्याचं मत होतं. मी 'बरं' म्हणून लेथवर परत जायचो आणि संताप गिळायचो. घरी आलो की तो सगळा बाहेर पडायचा, आणि घरी माझा थोरला भाऊ होता.

दादाने लग्न केलं नाही. अलिबागजवळच्या गावातून आम्ही दोघे मुंबईला आलो आणि मुंबईतून इथे. तो कापडाच्या गिरणीत गठ्ठे बांधायचा, संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक करायचा. आमटीत मीठ कमी पडलं, दार उघडं राहिलं, मला ओरडायला काहीही पुरायचं. तो ऐकून घ्यायचा.

ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी साहेबाला रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांचा नाद लागला आणि त्याच्यामागून कारखान्यातल्या दहा-बारा जणांना. हातभर लांबीची बग्गी, जाड काटेरी टायर, आणि हातातल्या डब्यावरून तिला दगडधोंड्यांतून पळवायचं. मी आणि दादाने मिळून एक घेतली. मला खेळाची हौस नव्हती. लेथवर माझ्याकडे न बघणारा साहेब शर्यतीत तरी बघेल, नीट बसवलेली गाडी म्हणजे काय ते त्याला दिसेल आणि तपासणी खात्याचं दार उघडेल, एवढाच माझा हिशेब होता.

आमच्या घरांच्या मागे एक कोरडा नाला होता. तिथली माती पिठासारखी आणि तिच्यात मुठीएवढे दगड. गाडी पहिल्या दिवशी दगडावर उडाली, नाकावर आपटली आणि वळणावर कलंडली. दोष होता चाकांच्या वरच्या स्प्रिंगांत आणि त्यांच्यातल्या तेल भरलेल्या नळ्यांत. त्या नळ्यांना मुंबईच्या गॅरेजात शॉकअप म्हणायचे, आम्हीही तेच म्हणत राहिलो. स्प्रिंग धक्का खाते आणि तेल तिला परत उसळू देत नाही. तेल फार पातळ असलं तर गाडी उड्या मारत सुटते. फार दाट असलं तर चाक खड्ड्यात उतरतच नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम होता. आधी पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या आणि दहा फेऱ्या मारल्या. मग तेल बदललं, पुन्हा दहा फेऱ्या. मग गाडी जराशी खाली बसवली. घरी टेबलावर तिला वीतभर उंचीवरून सोडायचो. एकदा दबून, वर येऊन ती गप्प बसली पाहिजे. दोनदा हलली की माझाही तोल जायचा. दादा नाल्याच्या दुसऱ्या टोकाला उन्हात उभा राहून उलटलेली गाडी सरळ करायचा, आणि मी इकडून ओरडायचो की चाक धरून उचलू नको, तुला हजारदा सांगितलंय. तीन महिने त्याने ते ऐकलं. हे लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

शर्यत हिवाळ्यात होती, वाळवंटात उंचावर असलेल्या मित्स्पे रामोन गावी, शुक्रवारी सकाळी, म्हणजे संध्याकाळी शब्बाथ, शनिवारची सुट्टी, लागायच्या आत सगळे घरी पोचतील. आदल्या दिवशी मला दुसरी पाळी होती. गाडी पुसून खोक्यात भरायचं काम मी दादावर सोपवलं.

रामोन गावाला लागून असलेल्या प्रचंड खळग्याच्या काठावर सकाळी बोटं वळत नव्हती, इतका गारठा. पहिल्या फेरीत आमची गाडी तिसऱ्याच दगडावर फूटभर उडाली. मग प्रत्येक दगडावर उडत राहिली, दोनदा उलटली आणि सगळ्यांच्या शेवटी आली. साहेब रेषेवर उभा राहून बघत होता. मी गाडी उचलून हाताने दाबली तर ती दबेचना. चारही शॉकअप अडकलेले. एकाचं झाकण फिरवून काढलं, तर आत पांढरं, तुपासारखं थिजलेलं काहीतरी. त्याला वास होता, रोज दादाच्या केसांना येणारा. खोबरेल.

दादाने अडखळत सांगितलं. आदल्या दुपारी एक शॉकअप गळत होता. त्याने तो घट्ट केला, आणि भरताना सिलिकॉनच्या तेलाची बाटली सांडली. ते तेल बेर्शेब्यात कुठे मिळत नव्हतं. म्हणून त्याने चारही शॉकअप रिकामे केले आणि चमच्याने मोजून सगळ्यांत सारखंच खोबरेल भरलं. हीटरजवळच्या टेबलावर गाडी वीतभर उंचीवरून सोडूनही बघितली. एकदाच दबून गप्प बसली होती.

हिवाळ्यात रोज सकाळी खोबरेलाची बाटली हीटरपाशी ठेवून ते पातळ करणाऱ्या माणसाला रामोनच्या थंडीत काय होईल हे कळू नये? मी मराठीत ओरडलो असतो तर भांडण घरातलं घरात राहिलं असतं. मी हिब्रूत ओरडलो. साहेबाला ऐकू जावं म्हणून ओरडलो.

"हे माझं काम नाही. हे या अडाण्याने केलंय. खेड्यातून आलाय, डोक्याला लावायचं तेल यंत्रात घालतो."

सगळे वळले. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. दादा माझ्यासमोर उभा होता, हातात ते छोटं झाकण धरून.

साहेबाने स्वतःच्या पेटीतली तेलाची बाटली आणून दिली. मी शॉकअप पुसून भरले. दादाने झाकणं एकेक करून माझ्या हातात दिली, क्रम न चुकवता. दुसऱ्या फेरीत गाडी मी बसवली होती तशीच धावली, दगडांवरून चिकटून गेली, वळणावर एकदाही कलंडली नाही. आम्ही तिसरे आलो. साहेब खूश होऊन आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"तुझ्यात एवढी आग आहे हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "मला तपासणीला असाच माणूस हवा. रविवारी तिकडे कामाला ये."

चार वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं मिळालं. दादा दोन पावलांवर गाडी खोक्यात ठेवत होता.

परतीच्या बसमध्ये तो खोकं मांडीवर घेऊन बसला. बेर्शेब्याच्या अलीकडे, खिडकीतून बाहेर बघतच तो बोलला.

"चार वर्षं तो साहेब तुला बोलतोय. त्याला कधी एक शब्द नाय बोललास. आणि तेल सांडला ते तुला का नाय सांगितला, ठावा हाय? तू वरडतोस म्हणून."

रविवारी मी तपासणी खात्यात हजर झालो. तिथे अकरा वर्षं काढली, आणि साहेबापुढे एकदाही माझा आवाज चढला नाही.