राउनोचा हात

राउनो कांगासनिएमी तीस वर्षं आमच्या कॅनडातल्या थंडर बेच्या कारखान्यात आहे, आणि मी त्याला दहा मिनिटं सलग एका जागी बसलेला पाहिलेला नाही. पायाला भिंगरी आणि हाताला खाज. त्याच्या टेबलावर विजेचं एक लाल बटण आहे. यंत्र जरा अडखळलं की गेलाच हात: बटण बंद, दहापर्यंत मोजायचं, बटण चालू. नव्या आलेल्या प्रत्येकाला त्याने हेच शिकवलं. मलाही. मी ग्लॅडिस पेट्रुनिया, तपासणीच्या टेबलावर बसते. इतकी वर्षं मुकाट्याने त्याचं ऐकत आले, ही माझीच अक्कल.

आम्ही नदीची पातळी मोजणारे डबे बनवतो. डबा काठावरच्या खांबावर असतो आणि उपग्रहावरून आकडे पाठवतो. वसंतात बर्फ फुटून नदी तुंबली, की तो आधी बोंब मारतो आणि खालच्या गावाला पळायला वेळ मिळतो. यंदा डब्यात मोठी मेमरी चिप आली. असा पहिला डबा ऑक्टोबरात हेरन नदीवर लागला. तिथल्या खालच्या गावात राउनोची मुलगी सारा नर्स आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी कळलं, तो डबा गप्प झालाय. दर रविवारी सकाळी तो स्वतःच स्वतःला रीबूट करतो, म्हणजे वीज न तोडता नव्याने सुरू होतो. लागल्यावर पहिल्याच रविवारी 'पुन्हा सुरू होतोय' एवढं कळवून जो झोपला तो झोपलाच. आणि त्याच जातीचे आणखी अकरा डबे शुक्रवारी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचे होते. नंतर तळी गोठतात; त्या खांबांपाशी मे महिन्यापर्यंत कोणी फिरकत नाही.

मंगळवारी राउनोने अकरातला एक डबा टेबलावर घेतला आणि रीबूटचा हुकूम दिला. 'पुन्हा सुरू होतोय.' मग पडदा काळा. राउनोचा हात बटणावर गेला, आणि डबा टुणकन जागा!

"बघ! चालतोय की!"

"अरे बाबा, तू उठवलंस म्हणून उठला. तिकडे खांबावर कोण बसलंय उठवायला?"

ऐकतोय कुठला! त्याने वायर बदलली, डबा चालवणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल, जुना घातला, नवा घातला. उभ्याउभ्याच गुलाबी साखरेचा पाव खाल्ला आणि ती साखर कीबोर्डला फासली. डबा अडकला की बटण, अडकला की बटण. बुधवारी दुपारपर्यंत चाळीसदा झालं आणि हाती भोपळा. त्यात साराचा फोन आला, तर हा तिला म्हणतो, "काही नाही गं, किरकोळ आहे." माझं डोकंच सटकलं.

मी तपासणीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. "इथे लिहिलंय, 'रीबूट होतो'. आपण टिक कधी करतो रे?"

"कधी म्हणजे? बटण बंद, दहा मोजायचे, बटण चालू, मग—"

तो थांबला. एकदम थांबला. तीनशे डब्यांच्या कागदांवर आम्ही तीनशे वेळा टिक केली होती, आणि एकदाही एकाही डब्याला आपलं आपण उठायला सांगितलं नव्हतं. जुनी चिप सोशिक होती, म्हणून निभावलं.

मी राखाडी टेप काढली आणि बटणावर चांगली तीन पदरी चिकटवली. "खिशात हात घाल. मेलेला डबा आता मेलेलाच राहू दे. प्रेत हलवत बसलास तर कळणार कसं, कशाने गेलं?"

तो आपल्या फिनिश मायबोलीत शिव्या घालत टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागला. मी चिपच्या पायांना तारा लावल्या आणि मोजणीच्या पडद्यावर पाहिलं. प्रोसेसर बिचारा पुन्हापुन्हा विचारतोय, पहिलं पान दे, पहिलं पान दे. चिप ढिम्म.

माझ्या खांद्यावरून राउनो ओरडला, "लांब पत्ता! हिला अजून लांब पत्ता हवाय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोठ्या चिपमध्ये जागा जास्त, म्हणून कर्नल तिच्याशी लांब पत्त्यांनी बोलतो आणि जाताना तिला तशीच सोडून जातो. डबा उठताना जो छोटा प्रोग्राम आधी चालतो, त्याला फक्त आखूड पत्ते येतात. चिप उरलेल्या पत्त्याची वाट बघत बसते. वीज तोडली की ती सगळं विसरते आणि शहाणी होते. म्हणजे राउनो दर वेळी चोराच्या पावलांवर स्वतःच झाडू फिरवत होता.

प्रोसेसर नव्याने सुरू झाला की चिपलाही तोच धक्का बसावा, म्हणून एक बारीक वायर जोडायची ठरली. गुरुवारी अकराही डब्यांत ती बसली. बटणाला हात न लावता सगळे उठले.

उरला नदीवरचा. राउनोला विमानाची भयंकर भीती. मी म्हटलं, "दुसरं कोणी जाईल." तो म्हणाला, "आणि साराला काय सांगू? तुझ्या बापाला खोड मोडवेना?" आणि गेला.

शुक्रवारी दुपारी त्याचा उपग्रहावरून फोन आला. मागे वारा घोंघावत होता. "वायर जोडली. वीज तोडून डबा उठवलाय. आता दे हुकूम."

मी दिला. 'पुन्हा सुरू होतोय.' मग काही नाही. वीज वाचवायची म्हणून डब्याला दिवा नाही. त्यालाही दिसेना, मलाही. आकडा यायला मिनिट लागतं हे ठाऊक असूनही मी पडद्याला नाक लावून बसले.

"राउनो, हात कुठेत?"

"खिशात."

"दोन्ही?"

"दोन्ही गं बाई! काहीतरी बोल, नाहीतर जाईल माझा हात!"

मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. साठ झाले, सत्तर झाले. तिकडे पायलट त्याला हाका मारत होता. चौऱ्याहत्तरला पडद्यावर ओळ आली.

"एक मीटर ऐंशी," मी किंचाळले. "राउनो, नदी एक मीटर ऐंशी आहे!"

मग त्याचा आवाज आला, आणि तो सरळसरळ रडत होता.

"तीस वर्षं, ग्लॅडिस. मी एकालाही स्वतःहून उठू दिलं नाही गं."