सटवाआबांचा ओढा

सोमवार, २२ जानेवारी १९७३. कवठे येमाईच्या शिवारातला ओढा. हजर: सरपंच, तलाठी, चार खणणारे, मी ग्रामसेवक, आणि न बोलावता आलेले सटवाआबा, वहाणा काखेत धरून.

ओढ्याला थेंब नव्हता. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी पात्रात विहीर घ्यायची होती. मी आठ दिवस खपून नकाशा काढला होता, जागेवर फुलीही मारली होती. आबा अनवाणी वाळूतून पुढं गेले आणि काठाशी थांबले. "हितं खणा, भाऊसाहेब. तुमच्या फुलीखाली खडक हाय. जुना वडा हितनं व्हता. वरचं पानी सरकलं, खालचं अजून जुन्याच वाटंनं जातंय."

"आबा, नकाशा वाचता येतो का तुम्हाला?"

"न्हाई. वड्याला बी येत न्हाई."

सरपंचांसकट सगळे हसले.

माझ्या फुलीवर खडक लागला. आबांच्या जागी चौथ्या दिवशी पाणी. कागदावर सही माझी, पण गाव आजही तिला आबाची विहीर म्हणतं. साहेब आले की दप्तर माझं तपासत आणि ओढ्यावर फिरायला आबांना नेत. मला ते सोसत नसे.

एकदा चिडूनच विचारलं, "हे शिकलात कुठं?"

"डोहावर आमाला पानी भरू देत नव्हते. आय वाळूत झिरे उकरायची, मी तिच्या मागं. पायाला गार लागंल तिथं वल. तुमच्या लोकास्नी डोह व्हता, भाऊसाहेब. शिकायची गरजच न्हाई पडली."

मला लाज वाटायला हवी होती. हेवा वाटला.

पुढं मी ओढ्याची वही केली: उगमापासून क्रमांक, वळणाचं नाव, झिरा, पाणवठा. आठव्या वळणापासून नदीपर्यंतचं आबांनी बसल्या जागी सांगितलं. "वरची सात दाखवावी लागत्याल. चला, पाय हायत तवर." तीनदा कचेरीत येऊन म्हणाले. तिन्ही वेळा मी काम आहे म्हणालो. काम नव्हतं. गावादेखत त्यांच्या मागून चालायचं नव्हतं.

१९७७च्या उन्हाळ्यात आबा गेले. त्यांचा मुलगा लहानपणीच केडगावला गेलेला. त्याला ओढा फक्त पुलावरून ठाऊक. गेल्या रविवारी मी एकटा उगमापर्यंत जाऊन आलो. आठव्याच्या वरची वळणं मोजली, नऊ भरली. आबांच्या हिशेबी सात. कोणती दोन धरायची नाहीत, ते विचारायला कोणी नाही.

नावं, झिरे, पाणवठे: एक ते सात, भरायचे बाकी.