सुमित्राचं रान मी झाडून काढलं

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे एकाला हे ऐकताना असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर! ते पाप परत माझ्या माथी नको. आणि आमच्या सौभाग्यवती आत आहेत, तेव्हा जरा हळू. तिला माहीत नाही असं नाही हो. ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते, हीच तर पंचाईत!

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांतली गोष्ट. चुडाव्याजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. गावात शेती शिकवायचा एक वर्ग सुरू झाला. परभणीहून मंडळी यायची, लिंबाखाली बसून सांगायची: काडीकचरा जाळू नका, रान उघडं ठेवू नका. बापे माणसं दोनदा गेली आणि पांगली. बाया मात्र टिकल्या, आणि सगळ्यांत पुढं आमची ही, सुमित्रा.

तिनं विहिरीजवळचं दहा गुंठे रान माझ्याकडून भांडून घेतलं. वांगी, टमाटे, मिरच्या, मधेच शेवगा, कडेला झेंडू, सगळं एकात एक! आणि खाली काय, तर उसाचं पाचट, तुराट्या, लिंबाचा पाला आणि निंदलेलं तणसुद्धा तिथंच अंथरलेलं. याला म्हणे आच्छादन. भुईला गोधडी पांघरायची!

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं माणसाची इज्जत कशावरून कळते? त्याच्या रानावरून. सोयरीक करायला आलेला पाव्हणा आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चक्कर मारतो. रान कसं वखरून लख्ख पाहिजे, काडी दिसता कामा नये. आणि आमचं रान? शेजारचा धोंडिबा रोज बांधावरून विचारायचा, "काय मास्तर, उकिरडा इस्कटलाय का?"

मी टोपी सारखी करत शाळेची वाट धरायचो.

त्या साली होळीच्या तोंडावर परभणीला शिबिर ठरलं. शिबिर संपलं की मोठ्या ताई, म्हणजे या सगळ्या वर्गांच्या प्रमुख, गावोगावची रानं बघायला निघणार होत्या. ज्या गावचं रान पसंत पडेल तिथं कायमचा वर्ग, आणि ते रान राखणारी बाई तिथली शिक्षिका. सुमित्राची शाळा सातवीतच सुटलेली. पण चार माणसांनी आपल्याला 'बाई' म्हणावं, याचा तिला असा ध्यास लागला होता की झोपेतसुद्धा गांडुळांवर बोलायची.

चुडाव्याच्या स्टेशनात गाडीत चढता चढता तिनं बजावलं, "अहो, रानाला हात लावू नका. पाणी देऊन ठिवलंय, पाचटाखाली आठ दिस टिकतंय. तुमी नुसतं बगा."

"मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो होतो हो!

होळीच्या सकाळी मी नुसतं बघायलाच गेलो. बघता बघता मनात आलं, मोठ्या ताई येणार, त्यांना पाय ठेवायला तरी जागा नको का? म्हणून तोंडाशी असलेलं पाचट थोडं बाजूला सारलं. थोडंसंच! पण झालं काय, तेवढा तुकडा असा छान दिसायला लागला की बाकीचं रान जास्तच घाण दिसायला लागलं. मग अजून थोडं सारलं.

तेवढ्यात धोंडिबा बैलगाडी घेऊन हजर. होळीचं जळण गोळा करत फिरत होता.

"मास्तर, ह्ये कामून टाकून ठिवलंय? होळीला द्या की! औंदा लय तुटवडा हाय बगा."

"अरे, ते सुमित्राचं…"

"वैनी पाव्हणे आणायल्यात नव्हं? मग काय उकिरड्यात बसवता का त्यास्नी? वैनीची बेज्जती होईल, मास्तर!"

बायकोची बेज्जती! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणालो, घेऊन जा बाबा. पाचट गेलं, तुराट्या गेल्या, पालासुद्धा खराट्यानं ओढून दिला. त्या साली आमच्या गावची होळी मारुतीच्या देवळाच्या वर गेली. बोंबा मारताना पोरं माझ्याच नावानं मारत होती, आणि मी मुंडावळ्या बांधल्यासारखा मिरवत होतो.

फक्त शेवग्याखालचा कोपरा तेवढा राहिला. गाडी भरली होती आणि माझी कंबरही. तो कोपरा कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून पाव्हणे यायच्या सकाळी मी त्यावर शाळेची सतरंजी अंथरली. वर खुर्च्या मांडल्या. बांधावरच्या दगडांना चुना फासला, तोरण लावलं, रांगोळी काढली. वर 'सुस्वागतम'.

होळी जळाली की थंडी पळते म्हणतात ना? आमच्या रानातली तर शेपूट वर करून पळाली. चार दिवसांच्या उन्हात काळ्या भुईला भेगा पडल्या, वांग्यांनी माना टाकल्या. मला वाटलं, पाव्हणे यायलेत म्हणून लाजली असतील बिचारी!

बैलगाडीतून मंडळी उतरली. सुमित्रानं रान बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

मोठ्या ताई इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "सुमित्राबाई, तुमचं रान कुठंय?"

"हेच की!" मी छाती काढून पुढं. "एक काडी दाखवा, मास्तरकी सोडतो!"

सुमित्राचं तोंड पांढरं फटक पडलं.  रागावली असती तर परवडलं असतं हो! तिचे डोळे भरून आले. आपण पाचट नाही, हिची शाळा जाळली, हे तिथं मला कळलं.

"बसा ना," मी खुर्ची पुढं केली. तर मोठ्या ताई साध्या स्वभावाच्या, सरळ सतरंजीवर बसल्या. बसल्या आणि दचकल्या.

"हे मऊ काय लागतंय?"

"काही न्हाई, काही न्हाई!" म्हणत मी सतरंजीचं टोक पायाखाली दाबून धरलं. ताईंनी दुसरं टोक उचललं. खाली पाचट. पाचट सारलं तर काळीभोर ओली माती, आणि गांडुळांची नुसती वळवळ. आणि हातभर पलीकडं माझी चकाचक, भेगाळलेली भुई!

ताई एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. "हे मुद्दाम असं शेजारीशेजारी ठेवलंय का?"

सुमित्रानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "व्हय ताई. झाकलं तर काय होतंय आन् उघडं पाडलं तर काय होतंय, बायास्नी सांगून पटत न्हाई. म्हणून दावायलोय. उघडं पाडायचं काम यांनी केलंय. लय मन लावून केलंय!"

"वा मास्तर!" ताई म्हणाल्या. "शेवटी हाडाचे शिक्षक!"

मी लाजून मान खाली घातली. दुसरं करणार काय?

वर्ग आमच्याच गावाला मिळाला. त्या संध्याकाळी सुमित्रानं मला काय काय ऐकवलं ते विचारू नका, चहा कडू होईल. पण शिक्षा ठरली ती पक्की. दर साली नवा वर्ग भरला की पहिल्या दिवशी सुमित्राबाई रानात उभ्या राहून हाक मारायच्या, "मास्तर, या. खराटा घ्या. एक वाफा झाडा." मी झाडायचो, आणि बाया चार दिवस येऊन त्या वाफ्याला कशा भेगा पडतात ते बघायच्या.

जन्मभर मी शाळेत मास्तर होतो हो. बायकोच्या शाळेत मात्र माझी नेमणूक झाली ती शैक्षणिक साहित्य म्हणून!